पाच दिवसांचा उशीर

चौगुले वकिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि त्याच्या शेजारी दवाखान्याचं कार्ड ठेवलं. कार्डाच्या कडा मऊ पडल्या होत्या. त्यावर बोट टेकवून ते गौराक्कांना म्हणाले, "अपघात तेरा ऑक्टोबर पंचाहत्तरचा. आज तारीख किती?"

गौराक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज अठरा ऑक्टोबर सत्त्याहत्तर," वकिलांनी स्वतःच उत्तर दिलं. "अर्जाची मुदत दोन वर्षांची. ती गेल्या गुरुवारी संपली, बाई. तुम्ही पाच दिवस उशिरा आलात."

"न्हाई वकीलसाहेब," गौराक्का शांतपणे म्हणाल्या. "खंडेनवमीला दोन वर्सं व्हत्यात. खंडेनवमी परवा हाय."

चौगुले वकील सांगलीतले जुने वकील होते. गिरण्या, कारखाने, गुऱ्हाळं, जिथे माणसाचा हात किंवा पाय यंत्रात जातो तिथली माणसं शेवटी त्यांच्याकडे येत. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की कोर्ट तिथीनं चालत नाही, इंग्रजी तारखेनं चालतं. यंदा मध्ये अधिक श्रावण आला. त्यामुळे गणपती, नवरात्र, दसरा सगळंच पुढं सरकलं. खंडेनवमीही पुढं गेली. कायद्याची मुदत मात्र जागची हलली नाही.

गौराक्का ऐकत होत्या. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला होता. परक्या माणसासमोर त्या तो नेहमी तसाच घेत.

"ही तारीख तुम्हाला कुणी काढून दिली?" वकिलांनी विचारलं.

मी घसा खाकरला. खाकरणं म्हणजे बोलण्याची सुरुवात असते असं म्हणतात, माझ्या बाबतीत तो बहुधा शेवट असतो.

"मीच मोजली," गौराक्का म्हणाल्या. "खंडेनवमी ते खंडेनवमी."

"आणि हे कोण?"

"आमच्या छापखान्यातलं मास्तर. मला हपीस सापडंना, म्हनून वाट दाखवाय आल्यात."

वकिलांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्यानं मी एक खोटं मान्य केलं. ते गौराक्कांनी माझ्यासाठी, मी न मागता, बोलून टाकलं होतं.

*

मी मास्तर नव्हतो. पेठेतल्या लिमये यांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. प्रुफं तपासायची, एवढंच माझं काम. पण कायम मान खाली घालून वाचत बसणाऱ्या माणसाला बाइंडिंगखात्यातल्या बायका मास्तरच म्हणणार. ते नाव मला आवडायचं, हेही कबूल करतो. बाकी कुठे मला कुणी काही विचारत नसे.

गौराक्का तोडकर बाइंडिंगमधल्या सगळ्यांत जुन्या. छापलेले मोठे कागद, म्हणजे फरमे, घड्या घालून मोडायच्या, शिवायच्या, आणि कापणीच्या वेळी गठ्ठे सारखे करून सुरीखाली लावून द्यायच्या. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी लग्न होऊन कुपवाडला. तोंडानं फटकळ. दोन फरमे उलटसुलट लागले की म्हणायच्या, "मास्तर, तुमच्या पुस्तकात मानूस आधी मरतो आन् मग लगीन करतो. असंच हाय का आमचं चुकलं?"

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं पुजत. आदल्या दिवशी ती पुसून, तेलपाणी करून ठेवायची, नवमीला झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा आणि दसऱ्याच्या दुपारपर्यंत एकही चाक फिरवायचं नाही. हा नियम मालक भाऊसाहेब लिमयांच्या वडिलांपासूनचा. पंचाहत्तरच्या नवमीला पुण्याच्या एका दिवाळी अंकाची मुखपृष्ठं संध्याकाळच्या गाडीनं जायची होती आणि ती कापायची राहिली होती. चार वाजता भाऊसाहेब खाली आले. कापणीचं यंत्र चालवणारा दस्तगीर म्हणाला, की आज सुरी चालवत नाहीत. भाऊसाहेब म्हणाले, नारळ फुटला, पूजा झाली, अर्ध्या तासाचं काम आहे.

दस्तगीरनं चाक फिरवायला घेतलं. चाकाच्या मुठीला बांधलेली माळ आत अडकली. ती सोडवायला तो वाकला, आणि जड चाकानं आपोआप अर्धा फेरा घेतला, सुरी खाली आली. गौराक्का त्या वेळी गठ्ठा सारखा करत होत्या. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मी वरच्या खोलीत होतो. किंकाळी ऐकू आली नाही. खाली एकदम शांत झालं, ते ऐकू आलं.

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी केला. गौराक्कांना कामावर ठेवलं, चहा करायला, झाडायला. "तुम्ही घरच्या आहात," ते म्हणायचे. "कोर्टकचेरी परक्यांनी करायची. मी बघतो तुमचं काय ते." दर दिवाळीला बघतो म्हणाले. मग सत्त्याहत्तरच्या जुलैत फरमे मोडायचं नवीन यंत्र आलं आणि दोन बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यातल्या एक गौराक्का.

तेव्हा त्या माझ्या घरी आल्या. छापखान्यात कुणी पाहू नये म्हणून नाही, तर तिथे आता त्यांना आत घेत नव्हते म्हणून. मी त्यांना सांगितलं, की अशा अपघाताची भरपाई कायद्यानं मिळते. आम्ही एका कामगार संघटनेची पुस्तिका छापली होती, तिची प्रुफं मी तपासली होती. अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा, हे वाक्य मला पानासकट आठवत होतं. माझ्या वाचनाचा कुणाला तरी उपयोग होतोय याचा मला फार आनंद झाला. मी पंचांग काढलं. तेही आमच्याच छापखान्याचं, मीच तपासलेलं. "खंडेनवमीच्या आत अर्ज गेला म्हणजे झालं," मी म्हणालो. "मी तुमच्याबरोबर येतो. दिवाळी अंकांचं काम एवढं आटपू दे."

त्यांनी मला विश्वासानं नमस्कार केला. भरपाई मिळाली तर दाराशी पिठाची गिरणी टाकीन म्हणाल्या. "दळान वताय दोन बोटं बास झाली."

*

त्या दिवशी चौगुले वकिलांनी आम्हाला परत पाठवलं नाही. उशीर झाला म्हणून अर्ज लगेच फेटाळत नाहीत, असं ते म्हणाले. उशिराला पुरेसं कारण आहे असं न्यायाधीशांना पटलं, तर ते माफ करू शकतात. पण कारण पाहिजे.

"ऑक्टोबरात आजारी होता का?"

"न्हाई."

"जरा ताप, कणकण? मिरजेत एक डॉक्टर आहेत ओळखीचे."

"ताप आला न्हाई तर आला कसा म्हनू?" गौराक्का म्हणाल्या. "दवाखान्याचा खोटा कागद नगं."

वकिलांनी उसासा टाकला. मग म्हणाले, की भाऊसाहेबांनी दोन वर्षं आशा दाखवली हे आपण मांडू, पण कामावरून काढल्यावर तीन महिने होते, तेव्हा का आला नाहीत असं समोरचा विचारणार. स्वतः मोजण्यात चूक झाली, हे कारण लंगडं आहे. अज्ञान हा बचाव होत नाही. "एखाद्या शिकलेल्या, जाणत्या माणसानं तुम्हाला ही तारीख सांगितली असती आणि तुम्ही त्याच्या भरवशावर थांबला असता, तर मला उभं राहायला जागा होती," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी जमिनीकडे पाहत होतो.

बाहेर आल्यावर मी गौराक्कांना म्हणालो, की तुम्ही असं का सांगितलंत. त्या म्हणाल्या, "तुमची नोकरी हाय, मास्तर." आणि रस्ता ओलांडून गेल्या.

अर्ज त्याच दिवशी कोर्टात गेला, आणि मग चार महिने गेले. या चार महिन्यांत मी रोज छापखान्यात गेलो, रोज भाऊसाहेबांना नमस्कार केला, प्रुफं तपासली. कुठे अनुस्वार राहिला, कुठे ओळ दुबार आली, हे मला पूर्वीसारखंच दिसत होतं. चौगुले वकिलांचं ऑफिस वाटेवरच होतं. दोन वेळा मी जिन्यापर्यंत गेलो. एकदा वर कुणी तरी होतं म्हणून परतलो, एकदा कुणी नव्हतं म्हणून. माझी बायको एका रात्री म्हणाली, की तुम्ही काही बोला किंवा बोलू नका, पण जेवताना ताटाकडे बघत जा.

मला तेव्हा दोन लहान मुलं होती, आणि सांगलीत मुद्रितशोधकाला दुसरीकडे पगारी जागा सहज मिळेल अशी स्थिती नव्हती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण ते होतं.

*

सुनावणी फेब्रुवारीत झाली. अशा अर्जांचं काम दिवाणी न्यायाधीशच पाहत. छोटीशी खोली, चार बाकं, खिडकीबाहेर टंकलेखकांची टकटक. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि रजेच्या कारणात 'घरगुती' लिहिलं होतं. मागच्या बाकावर बसलो. कठड्याकडे जाताना गौराक्कांनी मला पाहिलं. पुढच्या बाकावर भाऊसाहेब होते. त्यांनी वळून मला पाहिलं आणि ओळखीचं हसले. मी त्यांच्या बाजूनं आलो आहे असं त्यांना वाटलं असावं.

त्यांच्या बाजूनं कानिटकर वकील होते. आवाज गोड, घाई नाही. चौगुल्यांनी गौराक्कांकडून भाऊसाहेबांच्या आश्वासनांचं सगळं वदवून घेतलं. मग कानिटकर उठले. लिहितावाचता येतं का, असं त्यांनी विचारलं. सही येते, असं गौराक्का म्हणाल्या. दोन वर्षांची मुदत असते हे माहीत होतं का? होतं. कुणी सांगितलं? छापखान्यात कानावर आलं.

"आणि तारीख कुणी काढली?"

"मी."

"तिथीवरून."

"व्हय."

"मग बाई, यंदा मध्ये अधिक महिना आला होता, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

गौराक्कांना राग आला. तो मला मागून त्यांच्या मानेवरून कळला. "धोंड्याचा महिना बाईमानसाला म्हाईत नसंल व्हय?" त्या म्हणाल्या. "जावयाला आनारसं दिलं की मी. तुमच्या घरात न्हाईत का देत?"

बाकांवर हशा झाला. न्यायाधीशांच्या शिरस्तेदारानंही मान खाली घातली. कानिटकर सुद्धा हसले, आणि हसत हसत त्यांनी पुढचं विचारलं.

"म्हणजे महिना वाढला आहे, हे ठाऊक होतं. तरी तुम्ही वाढलेल्या महिन्यासकट मोजत राहिलात. बरोबर?"

गौराक्कांना आता समजलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघालेल्या उत्तरानं त्यांचा अर्ज बुडत होता. त्यांनी कठड्यावर डावा हात ठेवला. उजवा पदराखालीच होता.

कानिटकर बसले. न्यायाधीश तरुण होते, चेहरा दमलेला. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि सरळ गौराक्कांकडे बघून विचारलं, "बाई, अधिक महिना आला हे तुम्हाला माहीत होतं. मग हिशेब बरोबर आहे का, याची तुम्ही कुणाकडे चौकशी का केली नाही?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. खोलीत आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. न्यायाधीश वाट पाहत होते. चौगुले वकील कागद चाळत होते, पण ते वाचत नव्हते. गौराक्का समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

माझे पाय उभे राहिले. असंच म्हणावं लागेल, कारण मी ठरवलं नव्हतं. मी आयुष्यात ठरवून फार थोडं केलं आहे.

"केली होती," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला, की शिरस्तेदारानं "काय?" म्हणून विचारलं. "साहेब, यांनी चौकशी केली होती. माझ्याकडे."

भाऊसाहेब वळले. कानिटकर हरकत घेण्यासाठी उठले. न्यायाधीशांनी मी कोण ते विचारलं. चौगुले वकील एव्हाना उभे होते. या इसमाला मला साक्षीदार म्हणून तपासायचंय, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं. थोडी बाचाबाची झाली. मग मला कठड्यात बोलावलं. गौराक्का खाली उतरल्या. माझ्या जवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी शपथ घेतली आणि सांगितलं. जुलैत त्या माझ्याकडे आल्या होत्या. मुदत मी सांगितली, तारीख मी काढली, पंचांगावरून. आणि हेही सांगितलं, की त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मला म्हणाल्या, मास्तर, मधी धोंडा आलाय, सन फुडं जानार, सरकार बी तसंच मोजतं का? एकदा कुनाला तरी इचारा. आणि मी म्हणालो, विचारायला कशाला पाहिजे, बरोबर आहे.

"हे त्यांनी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब. त्यांना शंका आली होती. मला आली नाही."

मग कानिटकर. त्यांचा आवाज अजून गोडच होता. माझं शिक्षण विचारलं, नोकरी किती वर्षांची विचारली. पंचांग तुम्हीच तपासता ना? मीच तपासतो. म्हणजे अधिक महिन्याचं गणित तुम्हाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक. हो. चूक झाली हे कधी कळलं? ऑक्टोबरात, वकिलांच्या ऑफिसात. मग चार महिने गप्प का बसलात?

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"नोकरीची."

"हर्डीकर, तुमच्यासारख्या माणसाकडून असली चूक होते? का नंतर रचलेली गोष्ट आहे ही?"

मला तिथे एक सरळ उत्तर देता आलं असतं. चूक झाली, एवढं. पण मी शपथ घेतली होती, आणि शपथ घेतल्यावर शब्द नेमका असावा असं मला वाटतं. ती माझी कामाची सवय. "चूक होती की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. चौगुल्यांनी डोळे मिटलेले मला दिसले. "ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्याकडे दिवाळी अंकांची गर्दी असते. त्या दिवसांत मालकांच्या विरुद्ध अर्ज करायला मी यांच्याबरोबर गेलो असतो, तर ते लगेच कळलं असतं. मला पुढची तारीख हवी होती. पंचांगात ती मिळाली, म्हणून मी आणखी शोधलं नाही. यांनी विचारलं तेव्हा मला थांबून विचार करायचा नव्हता. रचायचं असतं, तर मी याहून बरं काही रचलं असतं."

आता कुणी हसलं नाही. कानिटकरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी हातानं पुरे अशी खूण केली.

न्यायाधीशांनी त्याच दुपारी निर्णय सांगितला. शब्दशः आठवत नाही, पण गोळीबंद होता. अर्जदार बाई निरक्षर आहे, तिला शंका आली, तिनं ती तिच्या माहितीतल्या सर्वांत शिकलेल्या माणसाला विचारली, आणि त्यानं दिलेल्या खात्रीवर ती थांबली. एवढी काळजी घेणाऱ्या व्यक्तीनं हयगय केली असं म्हणता येत नाही. पाच दिवसांचा उशीर माफ. अर्ज दाखल.

मूळ दावा पुढे वर्षभर चालला आणि गौराक्कांच्या बाजूनं झाला. गिरणी झाली. आमचं दळण तिथेच जाई, आणि रांग किती का असेना, मला कधी रांगेत उभं राहू दिलं नाही.

भाऊसाहेब त्या दुपारी व्हरांड्यात माझ्यासाठी थांबले होते. चिडलेले नव्हते. "हर्डीकर," ते म्हणाले, "मी तुम्हाला माझी पुस्तकं तपासायला ठेवलं होतं. मला तपासायला नव्हे." मग म्हणाले, "पगार दस्तगीरबरोबर पाठवतो." मी नमस्कार केला. त्यांनीही केला. पुढची दोन वर्षं मी कोल्हापूरच्या प्रकाशकांची प्रुफं घरी आणून तपासत होतो, मग एका वाचनालयात जागा मिळाली आणि तिथून निवृत्त झालो. ती वर्षं सोपी नव्हती, पण जेवताना मी ताटाकडे बघत होतो.

*

गौराक्का कोर्टाच्या आवारात टंकलेखकांच्या ओळीपलीकडे उभ्या होत्या. मुलगी आणि जावई कुपवाडहून आले होते, ते रिक्षा बघायला बाहेर गेले होते. मी जवळ गेलो. माफी मागायची होती, पण आभारही मानायचे होते, आणि आधी काय, यात माझा गोंधळ झाला.

शेवटी विचारलं ते तिसरंच. विचारलं, की आत साहेबांनी सरळ प्रश्न केला, तरी तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत. नाव घेतलं असतं तर अर्ज वाचला असता. माझ्या नोकरीसाठी तुम्ही एवढं सोडून देणार होतात का.

"नोकरीसाठी?" गौराक्का म्हणाल्या. "तुमच्या नोकरीसाठी माझी गिरनी सोडू व्हय? येडी हाय का मी?"

मी टंकलेखकांच्या ओळीकडे बघू लागलो.

"वकिलाच्या हपिसात सोडलं नोकरीसाठी. तवा वाटलं, दुसरं काय तरी निघंल. आज न्हाई." त्यांनी उजवा हात पदराबाहेर काढला आणि राहिलेल्या दोन बोटांनी डोळ्यांवरची बट मागे सारली. "नाव घेतलं असतं आन् साहेबानं तुमास्नी उभं केलं असतं, तर तुमी न्हाई म्हनला असता. म्होरं भाऊसाब बसल्यालं. दचकून न्हाई म्हनला असता."

"गौराक्का..."

"ऐका. एकदा न्हाई म्हनल्याला मानूस परत व्हय म्हनाय येत न्हाई. लाजतो. मग त्यो जलमभर न्हाईच म्हनत बसतो. माझा अर्ज बी गेला असता आन् तुमी बी. म्हनून म्हनलं, गप उभं राहावं. आपल्या पायानं उठला तर उठला."

"आणि उठलो नसतो तर?"

"तर मग बुडली असती गिरनी," त्या म्हणाल्या. "काय करनार."

मला सांगायचं होतं, की असं नाही, मी नाही म्हणालो नसतो. वाक्य तयारही झालं होतं. पण या बाईनं आपल्या पुढच्या आयुष्याचा भरवसा माझ्या पायांवर ठेवून, तिकडे पाठ करून, भिंतीकडे बघत वाट पाहिली होती. असं माझ्यावर कुणी काही ठेवल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही, नंतरचंही नाही.

"हो," मी म्हणालो. "नाहीच म्हणालो असतो."

"म्हाईत हाय," गौराक्का म्हणाल्या. फाटकाबाहेरून जावयानं हाक मारली. त्या चालू लागल्या आणि मग थांबून मला म्हणाल्या, "चला की. चौघं मावतो रिक्षात."